लेकाने लावलेली बियर

टोरांटोजवळच्या आमच्या व्हिटबीच्या घराला पुढच्या पायऱ्यांखाली एक कोल्ड रूम आहे. इकडे बऱ्याच घरांना असते. चारी बाजूंनी काँक्रीट, हवा यायला मुठीएवढं एक भोक, आणि हिटिंग तिथपर्यंत पोचत नाही. घर घेतलं तेव्हापासून तिथे माझंच सामान होतं. तांदळाची पोती, कांदे, नागपूरहून आणलेलं तिखट, लोणच्याच्या बरण्या. मुलगा परत घरी राहायला आला तेव्हा त्याने त्यातली एक भिंत माझ्याकडून मागून घेतली.

तो वॉटर्लूला शिकला आणि तिथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. पुढे रोज ऑफिसला जायची गरज उरली नाही, तसा आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आला. येताना कॉम्प्युटर, हॉकीची भलीमोठी बॅग आणि बियर बनवायचं सगळं सामान घेऊन आला. मोठं पातेलं, घागरीएवढी काचेची बाटली, नळ्या, बुचं. माझे मिस्टर ड्राइव्हवेमध्ये उभे राहून एकेक वस्तू आत जाताना बघत होते. काचेची बाटली दिसली तेव्हा यांनी विचारलं, "यात काय ठेवतोस?"

"बियर, बाबा. मी घरी बनवतो."

हे आत आले, हात धुतले आणि मला म्हणाले, "माझ्या घरात दारू बनणार आता?"

या बोलण्यामागे काय होतं ते मला माहीत होतं, मुलाला फारसं नाही. यांचे वडील नागपूरला गिरणीत होते आणि प्यायचे. शाळेतून आलं की दप्तर ठेवायचं आणि वडिलांना गुत्त्यावरून उठवून आणायचं, हे काम थोरल्या मुलाचं, म्हणजे यांचं. एकदा वडिलांनी भर रस्त्यात बसकण मारली आणि वर्गातली पोरं बघत उभी राहिली. एवढंच यांनी लग्नानंतर मला सांगितलं होतं, त्यापुढचं कधीच नाही. यांनी स्वतः आयुष्यात थेंबाला हात लावला नाही. इथे आपल्या बौद्ध लोकांची संघटना उभी राहिली तेव्हापासून हे तिच्यात आहेत. कार्यक्रमात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला, यांचा आवाज जरा चढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी मीच मध्ये पडले. ठरलं असं, की जे काय करायचं ते बेसमेंटमध्ये, बाटली वर येणार नाही, आणि घरी मंडळी येणार असतील त्या दिवशी खाली काही उकळणार नाही. मुलाने मान्य केलं. यांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

मला मात्र त्या कामात हळूहळू गोडी वाटायला लागली, हे मी यांना सांगितलं नव्हतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रुग्णांकडून आलेले नमुने लावायचे, त्यात कोणते जंतू वाढतात ते बघायचं. सगळा खेळ स्वच्छतेचा. मुलगा खालून हाक मारायचा, "आई, कम हिअर, हे बघ, एवढं धुतलं तर पुरेल का?" मी खाली जायची, बाटली उजेडात धरून बघायची आणि परत धुवायला लावायची. लहानपणापासून मी मराठीत बोलायची आणि तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. पण बियर करताना का कोण जाणे, त्याचं मराठी बाहेर यायचं. यीस्ट टाकताना म्हणायचा, "हे आपलं विरजण."

त्याची एक मैत्रीण होती. मेक्सिकोतली, ग्वादालाहारा शहरातली. टोरांटोत शाळेत शिकवायची. दोघांचं लग्नाचं ठरल्यासारखंच होतं. ती त्याचं ऐकून मलाही आईच म्हणायची, पण तिच्या तोंडी ते 'आय' व्हायचं. तिच्या भाषेत 'आय' हा कळवळून तोंडातून निघणारा शब्द आहे, असं तिने मला एकदा हसत सांगितलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडेही ठेच लागली की हाच शब्द निघतो. तेव्हापासून आमचं जमलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिचे आईवडील कॅनडात येणार होते. पहिल्यांदाच दोन्ही घरं समोरासमोर बसणार होती. मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट. तिच्या वडिलांना हलकी, सोनेरी, लिंबू पिळून प्यायची बियर आवडते. त्यांच्याकडे रणरणत्या दुपारी तशीच पितात. "विकतची नाही देणार मी त्यांना," तो म्हणाला. "मी केलेली देणार."

"आणि तुझे बाबा समोर बसलेले असतील तेव्हा?"

"बाबांना लिंबूसरबत. लिंबू तेच, मीठ तेच."

फेब्रुवारीच्या शेवटच्या एका रविवारी त्याने ती बियर लावली. हे संघटनेच्या मीटिंगला ब्रॅम्पटनला गेले होते. मी बेसमेंटमध्ये कपड्यांच्या घड्या करत बसले होते. जवाला मोड आणून वाळवलेले दाणे त्याने भरडून आणले होते. ते गरम पाण्यात भिजले तसा सातूच्या पिठासारखा वास सगळीकडे पसरला. मग तो कोल्ड रूममध्ये गेला आणि माझी चिवड्याची मक्याच्या पोह्यांची पिशवी घेऊन आला.

"अरे, ती दिवाळीची आहे!"

"आई, इट्स फेब्रुवारी," तो म्हणाला आणि पिशवी रिकामी केली. मक्याने ही बियर हलकी होते, असं त्याने मला समजावून सांगितलं. पुढे पाणी गाळून उकळलं, त्यात हॉप्स नावाची कडू वाळकी फुलं अगदी थोडी घातली. उकळतं पातेलं लवकर थंड व्हायला हवं होतं. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी कडा धरल्या आणि ते मागच्या अंगणात नेऊन बर्फात ठेवलं. बर्फ चरचरला, वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला. तो तसाच, काही न दिसता, हसत उभा होता. मी त्याला आत चल म्हणून ओरडत होते, कारण त्याने टोपी घातली नव्हती.

थंड झाल्यावर ते काचेच्या बाटलीत ओतलं, यीस्ट टाकलं, बुचात पाण्याची छोटी वाकडी नळी बसवली. आतला वायू त्या नळीतून बुडबुडा होऊन बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत येत नाही. उजेड लागू नये म्हणून त्याने बाटलीला यांचा जुना विंटर कोट गुंडाळला आणि ती कोल्ड रूममध्ये ठेवली. म्हणाला, "ही थंडीत हळूहळू होते. घाई केलेली तिला चालत नाही."

त्याच आठवड्यात तो गेला.

संध्याकाळी मित्रांबरोबर हॉकी खेळायला गेला होता, दर आठवड्याला जायचा तसा. बर्फावर पडला. पाय घसरून पडला असेल असं मित्रांना वाटलं. मग तो उठेना. तिथल्या लोकांनी जे करायचं ते सगळं केलं, अँब्युलन्सही लगेच आली. आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा त्याच्या पायातले स्केट्स काढून खुर्चीखाली नीट जोडीने ठेवले होते. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवलं आणि सांगितलं, की त्याच्या हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड होता, अशा माणसांना बऱ्याचदा काही म्हणता काही त्रास होत नाही, कोणालाच कळलेलं नसतं. मी लॅबमध्ये इतकी वर्षं काढली. त्याचा स्वतःचा एकही रिपोर्ट कधी माझ्या हातात आला नव्हता, कारण तो कधी आजारीच पडला नाही.

अंत्यसंस्कारानंतर घरी मंडळी जमली. पुढच्या खोलीतलं फर्निचर बाजूला सारून पांढऱ्या चादरी अंथरल्या. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो, पुढे मेणबत्त्या. ब्रॅम्पटनहून, मिसिसागाहून, स्कार्बरोहून लोक आले होते. दारात बुटांचा ढीग, आणि बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं आणि रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी. वंदना सुरू झाली तेव्हा कोणीतरी माझ्या कानात म्हणालं, चहाची साखर संपली. मी उठले. कोणी दुसरं उठलं असतं, पण मला तिथून उठायचंच होतं.

कोल्ड रूमचं दार उघडलं तर आत त्याची मैत्रीण. कोट घालून तांदळाच्या पोत्यावर बसलेली. वर काय म्हणतात ते तिला कळत नव्हतं, सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणून ती खाली आली होती. मी काही बोलायच्या आत तिने बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने कोपऱ्याकडे दाखवलं.

यांच्या जुन्या कोटाच्या आतून आवाज आला. गुडुप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा गुडुप.

"अजून चालू आहे, आय," ती म्हणाली.

वरून सगळ्यांचा एकत्र आवाज जमिनीतून खाली येत होता. एकेक शील होत होतं. पाचवं आलं. दरवेळी चढणारा यांचा आवाज मी त्या गर्दीत शोधत होते. तो मला ऐकू आला नाही. मी तिच्या शेजारी दुसऱ्या पोत्यावर बसले. खोलीत सडक्या अंड्यासारखा वास भरला होता. मी विचारलं, "खराब झाली का?"

"नाही. या यीस्टचा असाच वास येतो. तो म्हणायचा, थांबलं की जातो."

साखर न्यायला कोणी खाली येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो.

मंडळींची वर्दळ कमी झाली, संघटनेतल्या बायका आळीपाळीने डबे आणायच्या तेही थांबलं, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. एका सकाळी मला खालून काहीतरी सरकवण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर यांनी ती बाटली कोल्ड रूममधून ओढत लाँड्रीच्या सिंकपर्यंत आणली होती. कोट खाली पडला होता. दोन्ही हात बाटलीभोवती धरून हे वाकलेले, पण उचलत नव्हते.

"काय करून राहिले?" मी विचारलं.

"हे ओतून टाकतो. तो नाही, आता हे कशाला?"

"मग थांबले काहून?"

हे मग म्हणाले, "वर आपण पंचशील म्हटलं, अन् खाली हे शिजत होतं. माहीत होतं तुला?"

"होतं."

"अन् बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते? त्याने लावलेलं आहे ते. त्यात अजून जीव आहे."

"कशात?"

"यीस्टमध्ये. त्याने टाकलेल्या." मी खाली पडलेला कोट उचलला. "त्याच्या हातचं या घरात चालू असलेलं आता एवढंच आहे. ते मी संपू देईन, पण तुम्हाला ओतू नाही देणार."

हे सरळ उभे राहिले. पँटला हात पुसले. जिन्याकडे जाताना म्हणाले, "मला दाखवू नको. मला विचारूही नको." मी त्याला परवानगी समजले.

पुढे काय करायचं ते मला नीट माहीत नव्हतं. मुलाने काही लिहून ठेवलेलं नव्हतं, सगळं त्याच्या डोक्यात असायचं. थोडं मी बघितलं होतं, थोडं त्याच्या मैत्रिणीला माहीत होतं, बाकीचं आम्ही फोनवर व्हिडिओ बघून शिकलो. ती शनिवारी टोरांटोहून ट्रेनने यायची. हे तिला स्टेशनवरून आणायला जायचे, दारात सोडायचे आणि काहीतरी काम काढून बाहेर निघून जायचे.

मी पुन्हा कामावर जायला लागले होते. एकदा बाटलीतून काढलेले थोडे थेंब मी लहान ट्यूबमध्ये घालून लॅबमध्ये नेले. असं करायचं नसतं. लंचच्या वेळी काचपट्टीवर एक थेंब घेतला, त्यात निळा रंग मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जिवंत पेशी तो रंग आत टिकू देत नाही, मेलेली पेशी निळी होऊन जाते. मी वर्षानुवर्षं असल्या पेशी बघत आले आहे. डोळा लावला तर समोर गोल गोल, पारदर्शक, कुठे एकीला दुसरीचा कोंब फुटलेला. मध्ये काही निळ्या होत्या, पण थोड्या. मी बघत राहिले. शेजारची सहकारी म्हणाली, "कोणाचा नमुना आहे?" मी म्हटलं, "माझ्या मुलाचा." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. मी काचपट्टी टाकून दिली आणि वॉशरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

मार्चच्या मध्यावर बुडबुडे मंदावले आणि बियरला लोण्यासारखा वास येऊ लागला. मैत्रीण म्हणाली, तो अशा वेळी बाटली थोडे दिवस उबेत ठेवायचा, म्हणजे यीस्टच तो वास खाऊन टाकतं. आम्ही दोघींनी बाटली ढकलत घर तापवणाऱ्या फर्नेसजवळ नेली. पुन्हा वास घेतला तेव्हा लोणी गेलं होतं. मग नळी लावून बियर वरच्या वर दुसऱ्या काचेच्या बाटलीत काढून घेतली, तळाचा गाळ मागे ठेवला, आणि गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजचे कप्पे काढून तिथे ती थंड करायला ठेवली. आता कित्येक आठवडे काहीच करायचं नव्हतं. बाहेर बर्फ वितळला, अंगणात त्याने पातेलं ठेवलं होतं ती जागा इतर जागांसारखीच चिखलाची झाली. मी कामावरून आले की गाडीतून उतरून आधी फ्रीज उघडायची. गढूळ बियर वरून हळूहळू निवळत खाली येत होती.

एप्रिल संपत आला तेव्हा मैत्रिणीने मला विचारलं, तिच्या आईवडिलांची तिकिटं तशीच आहेत, ती रद्द करायची का? त्यांना यायचं होतं, पण आमच्यावर भार होऊ नये असं त्यांना वाटत होतं. मी यांना विचारलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

"येऊ दे," हे म्हणाले. "त्याने बोलावलेले लोक आहेत."

मे महिन्यात आम्ही बियर बाटल्यांत भरली. बाटल्या मी लॅबमधल्यासारख्या धुतल्या. फेस यावा म्हणून साखरेचं पाणी अंदाजाने घातलं, मैत्रीण भरत गेली आणि मी झाकणं दाबत गेले. शेवटी नळीत थोडी उरली. ती तिने कपात घेतली, प्यायली आणि कप माझ्यापुढे धरला. मी कधी दारू चाखलेली नव्हती. पण चव बघितल्याशिवाय पाहुण्यांपुढे काय ठेवणार? मी एक घोट घेतला. पातळ, थंड, थोडंसं कडू, आणि मागून कोरड्या भाकरीसारखी चव.

मला ती आवडली नाही. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त रडू याचंच आलं. बर्फात उभा राहून त्याने जे केलं होतं, ते मला आवडू नये! मैत्रीण आधी घाबरली. मग मी कारण सांगितलं तर ती रडता रडता हसायला लागली आणि म्हणाली, "आय, तुमचं लोणचं त्याला कधी आवडलं नाही. तो फक्त तुम्हाला सांगायचा नाही."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी यांना म्हटलं, लिंबं आणायला हवीत. मैत्रीण जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ती म्हणाली, इथल्या दुकानातली मोठी हिरवी नकोत, तिच्या बाबांना छोटी, पातळ सालीची लागतात. "आपलं कागदी लिंबू," मी यांना समजावलं. इथल्या ग्रोसरीत ते नेहमी मिळत नाही. हे उठले, गाडीची किल्ली घेतली आणि गेले. चार वाजता गेलेला माणूस जेवणाच्या वेळेला परत आला. ब्रॅम्पटनपर्यंत जाऊन आले होते, येताना हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले. टेबलावर एक जाळीची पिशवी ठेवली, छोटी पिवळट हिरवी लिंबं. मैत्रिणीने पिशवीची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "ही आमच्याकडूनच आलेली आहेत, मेक्सिकोहून." हे म्हणाले, "मग बरोबर आहेत ना?" ती हो म्हणाली, तेव्हा हे कपडे बदलायला गेले.

तिचे वडील शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, उंच आणि थोडे वाकलेले. आई ठेंगणी, सतत लेकीचा हात धरून. दोघांना इंग्रजी अगदी जुजबी येत होतं. ते आधी आत मुलाच्या फोटोसमोर गेले. आई गुडघ्यांवर बसली आणि क्रॉसची खूण केली. वडील उभे राहिले, मग यांच्याकडे बघून यांच्यासारखे हात जोडले.

आम्ही मागच्या डेकवर बसलो. ऊन चांगलं पडलं होतं. मी आधी जेवण वाढलं. जेवणं झाल्यावर मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. आमचा करार होता, बाटली वर आणायची नाही. हे ताटाकडे बघत होते. मग बसल्या जागेवरून यांनी लिंबांची वाटी पुढे ओढली, सुरी घेतली आणि एकेक लिंबू चिरायला सुरुवात केली. मी खाली जाऊन बाटल्या घेऊन आले.

तिच्या वडिलांनी ग्लासच्या काठाला लिंबू चोळलं, बशीत मीठ पसरून त्यात ग्लास पालथा फिरवला आणि बियर ओतली. सोनेरी, स्वच्छ, वर पातळसा फेस. त्यात लिंबाची फोड पिळली. ग्लास उचलला, आणि यांच्यासमोर काय आहे ते बघून तसाच धरून ठेवला. यांच्यासमोर लिंबूसरबत होतं. ते लेकीला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाले.

"बाबा विचारतायत," मैत्रीण यांना म्हणाली, "तुमच्या धर्मात हे चालत नाही ना? मग ते तुमच्यासमोर पिणार नाहीत."

हे सुरी खाली ठेवून इंग्रजीत बोलायला लागले. हळूहळू, ती भाषांतर करेल एवढं थांबत. "माझे वडील फार प्यायचे. मी लहान होतो. मी त्यांना रस्त्यावरून उचलून घरी आणायचो. ते मेले तेव्हा मी रडलो नाही, मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून मी पीत नाही. धर्म नंतर आला." पहिला भाग मला माहीत होता. सुटल्यासारखं वाटलं, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. हे पुढे म्हणाले, "पण माझ्या मुलाने ही तुमच्यासाठी केली होती. मी त्याला कधी विचारलं नाही, कशी करतोस. एकदाही नाही. तुम्ही प्या. कशी झाली ते मला सांगा."

मैत्रिणीला शेवटचं वाक्य सांगता आलं नाही. तिच्या आईने तिला जवळ घेतलं. पण तिच्या वडिलांना कळलं असावं. त्यांनी एक घोट घेतला, मग आणखी एक. ते घाईघाईने 'चांगली आहे' म्हणाले नाहीत. जिभेवर घोळवून, थोडं दूर बघत, शिक्षक पेपर तपासतो तसं. मग बोलले, आणि मैत्रिणीने डोळे पुसत सांगितलं, "हलकी आहे, स्वच्छ आहे. जरा गोड राहिलीय. पण काम प्रामाणिक आहे. हा मुलगा पुढे आणखी चांगली करू शकला असता."

हे म्हणाले, "हो." आणि मग, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच, माझ्यासमोर आणि परक्या माणसांसमोर रडले. तिचे वडील उठून यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. बोलायला दोघांची एक भाषाच नव्हती.

ते आठवडाभर राहिले. हे त्यांना ओंटारियो सरोवराच्या काठावर फिरायला न्यायचे, दोन म्हातारे पुढे आणि आम्ही बायका मागे. ते गेल्यावर मुलाचे हॉकीचे मित्र एक दिवस घरी आले, त्यांनी राहिलेल्या बाटल्या संपवल्या आणि अंगणात त्याच्या गोष्टी सांगत बसले. संघटनेत कोणाच्या तरी कानावर गेलंच. एका मीटिंगमध्ये एकाने यांना आडून विचारलं, तुमच्या घरी म्हणे बियरची बैठक झाली. "झाली," हे म्हणाले. "माझ्या मुलाने बनवली होती." आणि चहा घ्यायला उठले.

त्या वर्षाच्या शेवटी मैत्रिणीला कॅलगरीला नोकरी मिळाली. जाताना तिने बियरचं सामान मागितलं. मी दिलं. हे स्वतः तिच्या गाडीत नीट बसवून आले, काच हलू नये म्हणून भोवती चादरी कोंबल्या. ती दर पंधरवड्याला फोन करते. सुरुवातीला फोन आला की आम्ही फक्त त्याच्याविषयी बोलायचो. नंतर तिच्या शाळेतल्या मुलांविषयी, तिकडच्या थंडीविषयी, मग माझ्या गुडघ्यांविषयी.

गेल्या रविवारी बोलताना तिच्या मागे कोणाचा तरी आवाज आला. पुरुषाचा, घरातल्या माणसासारखा, काहीतरी कुठे ठेवलंय असं विचारणारा. तिचं वाक्य अर्धवट राहिलं. मला ते लागलं, आणि तेवढ्यात मला हेही कळलं, की ती तिकडे श्वास रोखून उभी आहे.

"जेवलात का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही अजून, आय," ती म्हणाली. "आता बसतोय."

"मग बसा. गार होईल."